विस्मृत चित्रकर्त्री : एलिझाबेत्ता सिरानी

आपल्या मंडळाच्या मोठ्या कपाटात भरतकामाचा एक जुना पडदा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो व्यासपीठामागे लावण्याची प्रथा आहे, म्हणून बहुतेक भगिनींनी तो पाहिलेला असेल. दोन मोर, मध्ये कमळ आणि कडेने कोयऱ्या. रंग थोडे उतरले आहेत, पण टाका अजून जागचा हललेला नाही. या स्मरणिकेसाठी जुनी दप्तरे चाळताना आम्ही त्या पडद्याची नोंद मुद्दाम शोधली. कापड कितीचे आणले, रेशमाच्या लडी किती लागल्या, शिंप्याला शिलाई काय दिली, हे सारे जमाखर्चाच्या वहीत आणे-पैसह सापडले. तो भरला कोणी, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

वही मिटताना मला एका परदेशी मुलीची आठवण झाली. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने एक यादी लिहावयास घेतली. कोणते चित्र काढले आणि कोणासाठी काढले, हे ती वर्षावार टिपून ठेवी. ही मुलगी म्हणजे इटलीतील बोलोन्या शहराची एलिझाबेत्ता सिरानी. चित्रकलेचा इतिहास सांगताना लिओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल ही नावे आपण सहज घेतो. एलिझाबेत्ताचे नाव आपल्यापैकी फार थोड्याजणींच्या कानावर आले असेल. तिच्या आयुष्याची हकीकत थोडक्यात सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एलिझाबेत्ताचा जन्म 8 जानेवारी 1638 रोजी झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, शिवाजी महाराजांहून ती आठ वर्षांनी लहान. बोलोन्या हे उत्तर इटलीतील विद्येचे जुने माहेरघर. तेथील विद्यापीठाचा आरंभ 1088 सालचा मानतात आणि ते युरोपातील सर्वांत जुने म्हणून ओळखले जाते. या शहराचा आणखी एक विशेष असा की, स्त्री कलावंतांची तेथे थोडीबहुत परंपरा होती. कातेरिना व्हिग्री ही चित्रे काढणारी जोगीण पंधराव्या शतकात तेथेच झाली. प्रोपेर्झिया दे रोस्सी या बाईने तेथे दगडात मूर्ती कोरल्या. लाव्हिनिया फोन्ताना हिने सोळाव्या शतकाच्या अखेरीस चित्रकलेवर संसार चालवला. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. पण वहिवाटीचीही नव्हती.

एलिझाबेत्ताचे वडील जोव्हान्नी आंद्रेआ सिरानी हे चित्रकार होते. ग्विदो रेनी या त्या काळच्या अत्यंत नामांकित चित्रकाराच्या हाताखाली ते तयार झाले होते. घरात चित्रशाळा, भिंतीवर चित्रे, पेटाऱ्यांत जुन्या उस्तादांची रेखाटने. मुलांनी त्यात शिकावे ही रीतच होती. मुलीने शिकावे ही मात्र नव्हती. कार्लो चेझारे मालव्हासिया नावाचे एक विद्वान धर्मोपदेशक या कुटुंबाचे स्नेही होते. त्यांनी या मुलीचा हात पाहिला आणि तिला रीतसर शिकवा म्हणून वडिलांच्या मागे लागले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. वडील आधी फारसे राजी नव्हते म्हणतात.

शिकताना तिच्यापुढे एक अडचण होती, तीही ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी चित्रकाराला मनुष्याचे शरीर उत्तम काढता येणे अत्यावश्यक मानीत, आणि त्यासाठी तरुण चित्रकार समोर उघडा पुरुष बसवून अभ्यास करीत. मुलीला ते दार बंद होते. म्हणून तिने घरातील रेखाटने, छापचित्रे आणि इतर चित्रकारांच्या कलाकृती पाहून आपली विद्या मिळवली.

सुरुवातीच्या काळातच ती छापाची चित्रेही करू लागली. ही कला आपल्या वाचक भगिनींना कदाचित नवी असेल, म्हणून तिची कृती सांगते. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यावयाचा, त्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप द्यावयाचा आणि तो धुरावर काळा करावयाचा. मग सुईने त्या लेपावर चित्र ओढावयाचे. जेथे सुई फिरते तेथे लेप निघतो आणि तांबे उघडे पडते. पत्रा तेजाबात ठेवला म्हणजे उघड्या रेषा तेवढ्या खाल्ल्या जाऊन त्यांना खोली येते. नंतर लेप पुसून पत्र्यावर शाई चोळावयाची आणि वरची शाई पुसून काढावयाची. खोल रेषांत शाई राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढला म्हणजे चित्र कागदावर उमटते. उमटते ते उलटे. डावा हात उजवा होतो. तेव्हा काढणारीने सारे चित्र मनात उलटे पाहावे लागते. शिवाय एकदा तेजाबाने खाल्लेली रेषा सहजासहजी पुसता येत नाही.

रंगीत चित्र एकच असते आणि ते श्रीमंताच्या दालनात जाऊन बसते. छापचित्राच्या मात्र अनेक प्रती निघतात, त्या स्वस्त पडतात आणि गावोगाव फिरतात. एलिझाबेत्ता आपले शहर सोडून कामे मिळवीत हिंडू शकत नव्हती. पण तिचे नाव लिहिलेला कागद हिंडू शकत होता. दुःखाकुल मेरी, इजिप्तच्या वाटेवर विसावा घेणारे येशूचे कुटुंब, असे तिचे छापचित्रांचे विषय. अशी चित्रे तिने दहा-पंधराच केली. तथापि त्यांतील रेषा इतकी हलकी आणि मोकळी आहे की, कागदावर कलमाने सहज रेखाटल्यासारखी वाटते. पुढे कामांचा रेटा वाढला आणि ती तैलचित्रांतच गुंतून गेली.

वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी तिला एक फार मोठे काम मिळाले. बोलोन्याच्या चेर्तोझा मठाच्या देवळासाठी येशूच्या बाप्तिस्म्याचे प्रचंड चित्र काढावयाचे होते. 1658 मध्ये तिने ते पुरे केले. माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट मोठा तो पट आजही तेथे आहे. या चित्राने तिचा बोलबाला झाला, आणि बोलबाल्याबरोबर कुजबूजही सुरू झाली. एवढे मोठे काम एवढीशी पोर कशी करील? बापच काढीत असला पाहिजे आणि मुलीच्या नावावर खपवीत असला पाहिजे! नवलाची वस्तू म्हणून भाव जास्त येतो ना!

ही कुजबूज आपल्यालाही अनोळखी नाही. मुलगी परीक्षेत पहिली आली की शिकवणी कोणाची होती ते विचारतात. बाईने दुकान चालवले की मागे नवरा असेल म्हणतात. एलिझाबेत्ताने यावर भांडण केले नाही. तिने आपल्या चित्रशाळेचे दार उघडे ठेवले. ज्याला शंका असेल त्याने यावे, बसावे आणि मी काढते ते पाहावे. लोक येऊ लागले. सरदार, विद्वान, परगावचे पाहुणे, सारे तिच्या पाठीशी उभे राहून तिचा कुंचला कसा चालतो ते पाहू लागले. तिचा झपाटा विलक्षण होता. तस्कनीच्या राजघराण्यातील युवराज कोसिमो दे मेदिची 1664 च्या मे महिन्यात तिच्याकडे आले. त्यांच्या चुलत्यासाठी चाललेले चित्र ती त्यांच्यादेखत रंगवीत होती. त्यांनी आपल्यासाठी मेरीचे एक चित्र सांगितले. पाहुणे परत निघण्यापूर्वी रंग वाळून ते बरोबर नेता यावे, एवढ्या त्वरेने तिने ते पुरे केले, असे मालव्हासिया सांगतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, ती आपल्या चित्रांवर आपले नाव घाली. त्या काळी बोलोन्यातील चित्रकार सही करण्याच्या फारसे भानगडीत पडत नसत. हिला मात्र ते करणे भाग होते, आणि ते तिने मोठ्या गमतीने केले. कोठे पोशाखाच्या काठावर, कोठे उशीवर तिचे नाव आढळते. 1663 सालचे तिचे मेरी व बाळ येशू यांचे एक चित्र आज अमेरिकेत वॉशिंग्टन येथे, स्त्री कलावंतांसाठी 1987 साली उघडलेल्या संग्रहालयात आहे. त्यातील मेरी एखाद्या साध्या घरातील लेकुरवाळी वाटते; डोक्याला फडके गुंडाळलेले, मांडीवर गुटगुटीत बाळ, आणि बाळ आईच्या डोक्यावर फुलांची माळ घालीत आहे. बाळाखालच्या उशीच्या शिवणीवर पाहावे, तर तेथे सोनेरी अक्षरांत चित्रकर्त्रीचे नाव आणि साल! भरतकाम करणाऱ्या भगिनींना यातील खुबी अधिक सांगावयास नको.

तिसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेली यादी. 1655 पासून मरेपर्यंतच्या दहा वर्षांत तिने सुमारे दोनशे चित्रे काढली. वडिलांच्या हाताला संधिवाताने ग्रासले, त्यांना कुंचला धरवेना, आणि चित्रशाळेचा सारा भार या थोरल्या मुलीवर आला. आई, वडील, भावंडे, सारे घर तिच्या कमाईवर चालले. कमाईचा पैसा मात्र वडिलांच्या हाती जाई. ती घरची कर्ती होती; पण घराचा कर्ता म्हणून नाव वडिलांचेच होते. ही परिस्थिती केवळ बोलोन्यातील, किंवा केवळ सतराव्या शतकातील, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

तिच्या चित्रांतील स्त्रिया कशा आहेत, हे पाहण्याजोगे आहे. 1659 साली तिने टिमोक्लिया या ग्रीक स्त्रीचे चित्र काढले. ते आता नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहे. अलेक्झांडरच्या सैन्याने थीब्ज शहर लुटले, तेव्हा त्याच्या एका सरदाराने टिमोक्लियावर बलात्कार केला आणि वर धन कोठे पुरले आहे ते दाखव म्हणून धमकावले. तिने त्याला बागेतील विहिरीपाशी नेले, आणि तो वाकून पाहू लागताच त्याला आत ढकलून वरून दगड टाकले. पुढे तिला अलेक्झांडरसमोर उभे केले, तेव्हा तिचा बाणेदारपणा पाहून त्याने तिला सोडून दिले. इतर चित्रकार या कथेतील शेवटचा प्रसंग रंगवीत: सिंहासनावर उदार राजा आणि समोर बंदिवान स्त्री. एलिझाबेत्ताने राजाला चित्रात घेतलेच नाही. साडेसात फूट उंचीच्या त्या पटावर सरदार पाय वर आणि डोके खाली असा विहिरीत पडत आहे, आणि टिमोक्लिया शांतपणे त्याला लोटीत आहे. तिच्या चेहऱ्यावर आक्रस्ताळेपणा नाही. करावयाचे काम ती करीत आहे.

पाच वर्षांनी, 1664 मध्ये, तिने ब्रूटसची पत्नी पोर्शिया रंगवली. ब्रूटस सीझरविरुद्ध कट करीत होता आणि पत्नीपासून तो लपवीत होता. मीही गुपित सांभाळू शकते हे दाखवण्यासाठी पोर्शियाने स्वतःच्या मांडीत सुरी खुपसून घेतली आणि वेदना मुकाट्याने सोसली. चित्रात पुढे पोर्शिया, आणि मागे दुसऱ्या दालनात सूत काढीत गप्पा मारणाऱ्या बायका. थोर स्त्री कोण आणि सामान्य बायका कोण, हे चित्रकर्त्रीला दाखवावयाचे होते, असा याचा अर्थ जाणकार लावतात. तो बरोबरच असेल. मला मात्र त्या मागच्या बायकांविषयीही आपुलकी वाटते. घराला वस्त्र त्यांच्या सुतातून मिळत होते, आणि त्यांचीही नावे कोणी टिपली नव्हती.

एलिझाबेत्ताने स्वतः सामान्य बायकांना दूर ठेवले नाही, हे तिचे मोठेपण मला सर्वांत अधिक वाटते. तिने आपल्या चित्रशाळेत मुलींना आणि बायकांना शिकवावयास सुरुवात केली. जोगिणींच्या मठात असे शिक्षण थोडेफार मिळे. मठाबाहेर, संसारी घरांतील मुलींना एका स्त्रीने चित्रकला शिकवावी, हे युरोपात जवळजवळ नवीनच होते. तिच्या धाकट्या बहिणी बार्बरा आणि आन्ना मारिया तिच्याजवळ शिकल्या. त्यांच्याखेरीज निदान डझनभर तरी शिष्या होत्या. त्यांतील गिनेव्रा कांतोफोली ही तर गुरूपेक्षा वयाने वीस वर्षांनी मोठी होती! वेरोनिका फोन्ताना हिने लाकडावर कोरून छापचित्रे करण्यात नाव मिळवले.

1665 साल उजाडले. आपल्याकडे पुरंदरचा तह झाला तेच हे वर्ष. त्या वर्षी एलिझाबेत्ताला पोटदुखी जडली. काम थांबवावयास सवड नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस एकाएकी दुखणे विकोपाला गेले आणि 28 ऑगस्ट 1665 रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ती वारली. लोकांनी विषप्रयोगाचा तर्क केला. घरातील मोलकरणीवर आळ आला, तिच्यावर खटला चालला. पण विषाची गोष्ट सिद्ध झाली नाही. वैद्यांनी प्रेत उघडून पाहिले तेव्हा पोटाला भोके पडलेली आढळली. जठरातील व्रण फुटून ती गेली असावी, असे आजचे अभ्यासक मानतात. दहा वर्षे अखंड राबणाऱ्या त्या देहाने किती सोसले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बोलोन्याने तिचा अंत्यसन्मान थाटाने केला. सान दोमेनिकोच्या देवळात, ग्विदो रेनीच्याच थडग्यात तिला विसावा मिळाला. नोव्हेंबरमध्ये मोठा शोकसमारंभ झाला. शोभिवंत मंडप उभारून त्यात चित्र काढीत बसलेली तिची प्रतिमा ठेवली होती. भाषणे झाली, कवने झाली, ती छापूनही निघाली. मालव्हासियांनी 1678 मध्ये बोलोन्याच्या चित्रकारांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यांत तिलाही मानाचे स्थान दिले. तिच्या कामात पुरुषी जोम आहे, अशी स्तुतीही त्यांनी केली. स्तुती मनापासूनची होती. परंतु बाईचे काम उत्तम असले की ते बाईसारखे नाही म्हणावयाचे, ही त्या काळच्या कौतुकाची रीतच होती.

आणि मग विस्मृती आली. ज्या थडग्यात तिला मानाने ठेवले, त्याच थडग्यातील नावाखाली ती झाकली गेली. तिची चांगली चित्रे रेनीच्या नावावर जाऊ लागली, आणि रेनीच्या ढंगाचे कोणाचेही कच्चे काम दिसले की ते सिरानीचे असेल असे म्हणू लागले. शिष्यांचीही तीच गत झाली. रोममधील एका पागोटेवाल्या तरुणीचे चित्र रेनीचे म्हणून शतकानुशतके जगप्रसिद्ध होते. ते गिनेव्रा कांतोफोलीचे असावे, असे आता मानतात.

तथापि दोन गोष्टी कोणाला पुसता आल्या नाहीत. एक, चित्रांच्या काठांवर आणि शिवणींवर लिहिलेले नाव. दुसरी, ती यादी. मालव्हासियांनी आपल्या ग्रंथात ती छापली होती, म्हणून ती टिकली. विसाव्या शतकात अभ्यासक ती यादी हाती घेऊन एकेक चित्र ताडून पाहू लागले, आणि हरवलेली एलिझाबेत्ता हळूहळू परत सापडली. 1994 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे मेरी व बाळाचे ते चित्र नाताळच्या तिकिटावर छापले. एके काळी तिचे नाव छापचित्राच्या कागदावरून गावोगाव फिरले होते. या वेळी तिचे चित्र पत्रावर चिकटून घरोघर गेले. 2004 साली खुद्द बोलोन्यात तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. मालव्हासियांच्या त्या ग्रंथातील चित्रकारांच्या मुखाकृती लाकडावर कोरल्या होत्या वेरोनिका फोन्तानाने, म्हणजे एलिझाबेत्ताच्या शिष्येने.

भगिनींनो, आपण सर्वजणी काही चित्रकर्त्री नाही. पण आपल्या मंडळात आजवर किती गोधड्या शिवल्या गेल्या, किती रुखवते मांडली, किती नाटुकली बसवली, किती बाळंतिणींना डबे पोहोचवले, किती मुलींना शिवण शिकवले! यांतील खर्चाचा हिशेब आपल्याकडे चोख आहे. करणारीचा हिशेब नाही. नाव लिहिणे म्हणजे मोठेपणा मिरवणे, असा आपला एक समज असतो. एलिझाबेत्ताला मिरवण्याची हौस किती होती कोणास ठाऊक. पण नाव लिहिले नाही तर आपले काम दुसऱ्याचे होते, एवढे तिला विसाव्या वर्षीच कळून चुकले होते.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी दोन लहानशा सूचना ठेवते. या वर्षापासून जमाखर्चाच्या वहीबरोबर आणखी एक वही असावी. मंडळात जे जे होईल ते कोणी केले, हे तारीखवार तीत लिहावे. आणि त्या पडद्याविषयी आपल्या वडीलधाऱ्या सभासदांच्या घरी जाऊन एकदा विचारून यावे. ती माउली कोण, हे अजून कोणाला तरी आठवत असेल. नाव मिळाले, तर येत्या संक्रांतीपूर्वी पडद्याच्या कडेला, कोयऱ्यांच्या ओळीतच, ते भरून टाकावे. टाका घालावयास मी तयार आहे.